तीन वाघ होते, मग अडलं कुठं?

ह्या भागात तुम्हाला शिराळा तालुक्यातल्या एका शाळेत नेतो. आठवीचा वर्ग. विचारलं, "चांदोलीत वाघ आहे का?" मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, बिबट्या विचारा. तो आमच्या उसातच असतो!"

मग खडूनं फळ्यावर नकाशा काढला. वर कोयना अभयारण्य, खाली चांदोली राष्ट्रीय उद्यान. दोन्ही मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, चार जिल्ह्यांत पसरलेला. पण नावातला वाघ कॅमेऱ्यात क्वचितच यायचा. अलीकडे तीन दिसायला लागले. तिन्ही नर.

नरच का? वाघाचा बछडा मोठा झाला की हद्द शोधत शेकडो किलोमीटर चालतो. गोवा-कर्नाटकाकडून डोंगर धरून तो इथवर पोचू शकतो. वाघाची लेक मात्र बहुधा आईच्या शेजारीच संसार मांडते. ती एवढ्या लांब येतच नाही. यावर एक मुलगी पटकन म्हणाली, "सर, आमच्यात उलटं असतंय!" सगळा वर्ग हसला, मीसुद्धा. पण खरं सांगू, माझ्या दहा मिनिटांच्या भाषणापेक्षा तिच्या वाक्यानं मुलांना जास्त कळलं.

म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्यातून एक वाघीण चांदोलीत आणली. नाव तारा. आधी कुंपणातल्या जागेत ठेवली, गळ्यात रेडिओ कॉलर घातली, मग मोकळं सोडलं.

आता तिच्या जेवणाचं बघा. वाघाला वर्षाला साधारण पन्नास मोठी जनावरं लागतात. म्हणजे जंगलात चारपाचशे हवीत, नाहीतर कळप संपतो. त्यासाठी सागरेश्वरची चितळं चांदोलीत नेली. हे आपल्याच सांगलीतलं, माणसांनी झाडं लावून उभं केलेलं अभयारण्य. तिथं वाघ नाही, त्यामुळे चितळं वाढलेली.

शेवटी एक पोरगा उठला. "आमचं वासरू नेलं तर?" वनखातं भरपाई देतं, पंचनामा लागतो, असं मी सांगितलं. तो म्हणाला, "पंचनाम्याला साहेब येईपर्यंत त्या जागी राखण कोण करणार?"

मी खडू खाली ठेवला. त्याच्या वडिलांना भेटायला पुढच्या आठवड्यात जातोय, रेकॉर्डर घेऊन.