पिस्तुलाची गोळी माणसाला थांबवते का?

सिनेमात पिस्तुलाची एक गोळी सुटते आणि गुंड चार हात मागे फेकला जातो. पडतो तो पुन्हा उठत नाही. "घरात एखादे पिस्तूल असते तर..." असे आपण बोलतो तेव्हा डोळ्यांपुढे हेच चित्र असते.

प्रत्यक्षात काय घडते ते 11 एप्रिल 1986 रोजी अमेरिकेत मायामीजवळ दिसले. एफबीआयच्या आठ अधिकाऱ्यांनी विल्यम मॅटिक्स आणि मायकेल प्लॅट या दोन दरोडेखोरांची गाडी अडवली. चकमकीच्या सुरुवातीलाच नऊ मिलिमीटर पिस्तुलाची एक गोळी प्लॅटच्या दंडातून छातीत शिरली, फुप्फुसात गेली आणि हृदयाच्या थोडी अलीकडे थांबली. जखम जीवघेणीच होती. पण जीव जाईपर्यंत काही मिनिटे गेली. तेवढ्या वेळात त्याने हातातल्या रायफलने बेन ग्रोगन आणि जेरी डव्ह या अधिकाऱ्यांना ठार केले. आणखी पाच अधिकारी जखमी झाले. शेवटी दोघेही दरोडेखोर मेले. प्लॅट नशेत असेल, असे कुणालाही वाटेल; पण तपासणीत अमली पदार्थाचा अंशही सापडला नाही.

यावर विचार करून 1989 मध्ये एफबीआयच्या प्रशिक्षण केंद्राने पिस्तुलाच्या जखमांविषयी एक अहवाल काढला. त्यातला पहिला मुद्दा आपली नववीची मुलेही सांगतील. न्यूटनचा तिसरा नियम! गोळीच्या धक्क्याने माणूस मागे उडत असता, तर झाडणाराही तितकाच मागे उडाला असता. दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे. हृदय पूर्ण निकामी झाले तरी मेंदूत दहा ते पंधरा सेकंद पुरेल एवढा प्राणवायू असतो, आणि तेवढा वेळ माणूस हात-पाय चालवू शकतो. मेंदूला किंवा मानेच्या मज्जारज्जूला इजा झाली तरच तो जागच्या जागी थांबतो. बाकी सगळे रक्त किती वाहते त्यावर, आणि त्याला वेळ लागतो. काही लोक नुसत्या भीतीनेच खाली बसतात हेही खरे, पण समोरचा तसा निघेल याची हमी कोण देणार?

आपल्याकडे दिल्लीच्या 2012 च्या अत्याचारानंतर, 2014 मध्ये कानपूरच्या सरकारी आयुध कारखान्याने 'निर्भीक' हे रिव्हॉल्व्हर खास महिलांसाठी म्हणून बाजारात आणले. वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या घरात. जाहिरात चांगली होती. पण त्याची .32 बोअरची गोळी मायामीतल्या त्या गोळीपेक्षाही कमी ताकदीची, आणि शस्त्र पर्समध्ये, रुमाल-किल्ल्यांच्या खाली!

पर्समधून ते काढायला वेळ किती मिळतो? सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी 1983 मध्ये याचे मोजमाप मांडले. चाकू घेतलेला धडधाकट माणूस 21 फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. 21 फूट म्हणजे आपल्या शाळेच्या एका वर्गाची लांबी. कमरेचे पिस्तूल काढून नेम धरायला सराव असलेल्या पोलिसालाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. म्हणून ट्युलर यांनी आपल्या पोलिसांना सांगितले की धोका दिसताच मागे सरा, आणि त्याच्या-आपल्यामध्ये गाडी, भिंत, टेबल, जे मिळेल ते आडवे येऊ द्या.