डिझेल गाडी सकाळी हटून बसते तेव्हा

सुरत जिल्ह्यातील पलसाणा हे मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचे गाव. येथूनच बारडोली, व्यारा, नवापूर करीत धुळ्याकडे रस्ता जातो. चलथाणचा साखर कारखाना याच तालुक्यात आहे. गळिताचा हंगाम लागला, की धुळे-नंदुरबारकडची ऊसतोडणी मजुरांची कुटुंबे या भागात उतरतात, आणि त्यांची बोचकी, धान्य, माणसे यांची ने-आण बहुधा लहान डिझेल पिकअप गाड्यांतून होते. भाजीपाला, कापडाचे तागे, दुधाच्या बरण्या हीही याच गाड्यांची ओझी. गाडीचा मालक पुष्कळदा स्वतःच तिचा चालक असतो आणि हप्ता दर महिन्याला भरावयाचा असतो. अशा माणसाची गाडी पहाटे चार वाजता चालू झाली नाही, तर बाजार गाठण्याची वेळ टळते आणि त्या दिवसाची मिळकत बुडते.

मग जे घडते ते ठरल्यासारखे असते. बॅटरी थकेपर्यंत सेल्फ मारला जातो. चार माणसे धक्का देतात. कोणी पेट्रोलमध्ये भिजवलेला बोळा हवेच्या नळीशी धरतो. शेवटी ‘थंडी पडली आहे’ असा निर्णय होतो, किंवा त्याहून महागडा निर्णय, ‘पंप गेला’. यांपैकी थंडीचे कारण पलसाण्यात तरी सहसा टिकणारे नाही. हिमालयात किंवा युरोपात डिझेल गोठून त्यात मेण धरते, ते येथे घडत नाही. जानेवारीच्या पहाटेही येथील पारा १० अंशांच्या खाली क्वचितच उतरतो. एवढ्याशा गारव्याने धडधाकट इंजिन अडत नाही. अडलेच, तर कोठे तरी खोट आहे आणि गारव्याने ती फक्त उघडी पाडली, असे समजावे.

खोट शोधण्यापूर्वी डिझेल इंजिन पेटते कसे, हे ध्यानात घेतले पाहिजे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे इंजिन १८९७ साली आउग्सबुर्ग येथील चाचणीत यशस्वी ठरले. पेट्रोलच्या इंजिनात असते तशी ठिणगी त्यात नाही. दट्ट्या वर सरकताना सिलिंडरमधील हवा मूळ आकारमानाच्या सुमारे सतराव्या ते विसाव्या भागात दाबली जाते. सायकलच्या पंपाचे टोक बोटाने बंद करून दांडा दाबला असता पंप तापतो, तोच हा प्रकार. मात्र येथे हवा ५०० अंशांच्याही वर तापते. त्या तप्त हवेत डिझेलचा धुक्यासारखा फवारा शिरतो आणि पेट घेतो. म्हणजे वेगाने फिरणारे इंजिन, घट्ट दाबलेली हवा आणि वेळेवर आलेला फवारा, एवढ्या तीनच गोष्टी हव्यात.

वेगाचे महत्त्व खानदेशातील जुन्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पुण्याजवळ खडकीला १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची किंवा तशाच इतर कारखान्यांची इंजिने ज्यांनी विहिरीवर हँडल मारून चालू केली, त्यांना खटक्याची युक्ती ठाऊक आहे. खटका उचलला म्हणजे झडप उघडी राहते, हवा दाबली जात नाही आणि जड चाक हलके फिरते. चाकाने पुरता वेग घेतला, की खटका सोडावयाचा. फट् आवाज होऊन इंजिन पेटते. चाक मंद असताना खटका सोडणाऱ्यास ते पेटलेले दिसत नाही, कारण दाबलेल्या हवेची उष्णता लोखंडात जिरते आणि थोडी हवा कड्यांच्या फटीतून निसटते.

पिकअप गाडीत हे काम सेल्फ करतो. म्हणून पहिली पारख कानाने करावी. सेल्फ झपाट्याने फिरतो आहे, की ‘घुर्रऽ घुर्रऽ’ करीत अडखळतो आहे? अडखळत असेल, तर डिझेलच्या नळ्यांना हात लावण्याचे कारण नाही. विश्रांती घेतलेल्या चांगल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या जवळपास असतो. सेल्फ मारताना तो ९.६ च्या खाली कोसळला, तर बॅटरी दुबळी आहे किंवा सेल्फ जास्त वीज खातो आहे. पण बॅटरी नवी आणि तरीही सेल्फ मंद, असे असेल, तर टोकांवर चढलेली हिरवट-पांढरी पूड आणि इंजिनापासून सांगाड्याकडे जाणारी अर्थिंगची जाड वायर पाहावी. गंजलेल्या अर्थिंगमुळे कित्येक चांगल्या बॅटऱ्या भंगारात गेल्या आहेत.

सेल्फ जोरात फिरतो, तरीही इंजिन पेटत नाही, अशा वेळी गाडीच्या मागे जाऊन सायलेन्सरकडे पाहावे. धूर हा या प्रकरणातला सर्वांत प्रामाणिक साक्षीदार होय. धूर मुळीच नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचलेलेच नाही. डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर निघत असेल, तर डिझेल पोहोचते आहे, पण पेटण्याइतकी उष्णता नाही. धूर काळा असेल, तर हवा अपुरी आहे किंवा डिझेल जास्त जात आहे. हवेचा फिल्टर धुळीने गच्च झालेला नाही ना, हे तेव्हा आधी पाहावे.

धूर नसण्याची कारणे अनेक आहेत. टाकीतला तळ, तुंबलेला फिल्टर, पावसाळ्यात डिझेलमध्ये उतरलेले पाणी, किंवा चावी फिरवताच पंपावर ‘टिक्’ असा आवाज करून वाट मोकळी करणारी विजेची झडप न उघडणे. परंतु सर्वांत फसवा प्रकार हवा शिरण्याचा. टाकीपासून पंपापर्यंतची नळी डिझेल ओढून घेणारी असते. तिच्या सांध्यात केसाएवढी फट पडली, तरी बाहेर थेंब पडत नाही. उलट बाहेरची हवा आत जाते. रात्रभर गाडी उभी राहिली, की नळीतले डिझेल हळूहळू टाकीकडे परतते आणि त्याची जागा हवा घेते. सकाळी पंप हवाच ढकलीत बसतो. एकदा इंजिन चालू झाले, की दिवसभर काहीच तक्रार नसते, म्हणून चालक म्हणतो, ‘थंडी!’

याची परीक्षा पैशावाचून होते. सकाळी सेल्फ मारण्यापूर्वी फिल्टरजवळचा हातपंप कडक लागेपर्यंत दाबावा. त्यानंतर इंजिन लगेच पेटले, तर चोर सापडला. दुसरी रीत अशी, की रात्री गाडी उतारावर, तोंड खाली करून आणि चाकांना दगड लावून उभी करावी. टाकी इंजिनाहून उंच राहिल्याने डिझेल परतत नाही. सकाळी गाडी झटकन चालू झाली, तर पंपाला दोष देता येणार नाही. मग नळीचा पारदर्शक तुकडा बसवून बुडबुडे कोणत्या सांध्यापाशी उमटतात ते पाहावे. फुटका रबरी पाइप, सैल क्लिप किंवा तांब्याचे झिजलेले वॉशर, एवढ्यावर पुष्कळदा काम भागते.

पांढरा धूर असल्यास, ज्या इंजिनांत हीटर प्लग असतात त्यांत ते तपासावेत. चांगल्या प्लगचा विद्युत्‌रोध साधारण एक ओहमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. जळालेल्या प्लगमधून वीज वाहतच नाही. पेट्रोलचा बोळा किंवा ईथरचा फवारा येथे टाळलाच पाहिजे. तापलेल्या हीटरवर तो अवेळी भडकतो, दट्ट्या फोडतो आणि बोळा धरणाऱ्याचे तोंडही भाजू शकते.

गाडी सकाळी ठीक, पण बारडोलीच्या नाक्यावर चहासाठी थांबली असता गरम इंजिन पेटत नाही, ही तक्रार वेगळी. तापलेले डिझेल पातळ होते आणि झिजलेल्या भागांतून निसटते. जुन्या फिरत्या पंपावर ओला फडका ठेवून काही वेळाने इंजिन पेटले, तर पंपाची झीज मानता येईल. नव्या कॉमन रेल इंजिनात नोझलांच्या परतीच्या नळ्या सारख्या आकाराच्या बाटल्यांत सोडतात. जिची बाटली लवकर भरते ती नोझल दोषी. मात्र जुना मिस्तरी उच्च दाबाच्या नळीचे नट सैल करून हवा काढीत असे, तो हिशेब या इंजिनात लागू करू नये. तेथील दाब एक हजार बारच्याही पुढे जातो, आणि डिझेलची बारीक धार त्वचा भेदून हातात शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसली, तरी त्या माणसाला त्याच क्षणी रुग्णालयात नेले पाहिजे. उशिराने बोट किंवा हातही गमवावा लागतो.

इतके सारे पाहूनही उत्तर मिळाले नाही, तर सिलिंडरचा दाब मोजावा, झडपांचे अंतर तपासावे, आणि नोझल यंत्रावर लावून तिचा फवारा डोळ्यांनी पाहावा. पंप उतरवण्याची पाळी त्यानंतरची.