मनिलाचा स्टोव्ह आणि होटगीची चूल

सोलापुरातून गाडी वाडी-रायचूरच्या वाटेला लागली, की थोड्याच वेळात होटगी जंक्शन येते. आज तेथे उतरणाऱ्याला विशेष असे काही वाटणार नाही. पण आमच्या आजीच्या तरुणपणी या स्टेशनाचा थाट निराळा होता. मुंबईकडून आलेल्या उतारूंना येथे ब्रॉडगेज सोडून विजापूर-गदगची मीटरगेज पकडावी लागे. ट्रंका, वळकट्या आणि पेंगुळलेली पोरे सावरीत मंडळी या गाडीतून त्या गाडीत जात, आणि हमालाशी घासाघीस चाले ती मराठी, कानडी आणि उर्दू अशा तिन्ही भाषांत!

माझे आजोळ या होटगीचे. आजीला अक्षर वाचता येत नव्हते. पण तिला जेवढी पदे पाठ होती तेवढी माझ्यासारख्या पदवीधराला आजही नाहीत. ती तिला दिली तिच्या धाकट्या भावाने. तो सोलापुरात एका छापखान्यात खिळे जुळवी. भाऊबीजेला येई तो बोटांना शाई घेऊनच. आजी म्हणायची, "ओवाळणीत त्यानं रुपया कधी घातला नाही, पण दर वर्षी एक नवं गाणं मात्र घातलं." ती सारी गाणी तो एका वहीत उतरवून ठेवी.

मध्यंतरी फिलिपाईन्सच्या वाङ्मयाविषयी वाचीत बसलो होतो, आणि एकाएकी मला त्या वहीची आठवण झाली.

फिलिपाईन्सवर स्पेनचे राज्य तीनशेहून अधिक वर्षे होते. त्या राज्याचे वाभाडे काढणाऱ्या दोन कादंबऱ्या लिहिल्या होझे रिझाल या नेत्रवैद्याने. पहिली 1887 साली बर्लिनमध्ये छापली गेली, दुसरी 1891 साली बेल्जियममधील घेंट येथे. कारण मायदेशात त्या छापणार कोण? पुस्तके चोरून घरी पोचली, आणि 30 डिसेंबर 1896 रोजी मनिला येथे रिझालला गोळ्या घालण्यात आल्या. मायभूमीचा निरोप घेणारी त्याची शेवटची कविता एका लहानशा स्पिरिटच्या स्टोव्हमध्ये दडवलेली होती. तो स्टोव्ह बहिणीच्या हाती देताना पहारेकऱ्यांना कळू नये म्हणून तो इंग्रजीत पुटपुटला, "आत काहीतरी आहे." असे सांगतात. कविता वाचली.

पुढे अमेरिकेचे राज्य आले. 1901 साली राजद्रोहाचा कायदा झाला आणि 1903 साली ऑरेलिओ टोलेंटिनो या नाटककाराला त्याच्या रूपकात्मक नाटकापायी अटक झाली. येथे मराठी वाचकाला खाडिलकरांचे 'कीचकवध' आठवल्यावाचून राहणार नाही. 1907 साली रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकातला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे प्रेक्षक ओळखून होते. सरकारने ओळखले, आणि 1910 साली बंदी घातली. 1942 साली जपानी मनिलात शिरले. त्यांनी इंग्रजीला दाबले, तेव्हा टागालोग भाषेतल्या कथेला बहर आला. राज्यकर्त्याने एक दार लावले की वाङ्मय दुसरे शोधते, ते असे.

आमच्या सोलापुरानेही अशी बंद दारे पाहिली. मे 1930 मध्ये गांधीजींना अटक झाली आणि शहर पेटले. 8 मे रोजी गोळीबार झाला, पोलीसही मारले गेले, आणि 12 तारखेपासून सोलापुरावर मार्शल लॉ आला. गांधी टोपी डोक्यावर ठेवणे म्हणजे धाडस, तिरंगा हाती धरणे म्हणजे गुन्हा! आधीच एप्रिलमध्ये निघालेल्या वटहुकुमाने वृत्तपत्रांकडे जामीन मागण्याचा अधिकार सरकारने घेतला होता. 'कर्मयोगी'चे संपादक रामभाऊ राजवाडे यांना तुरुंग दाखवण्यात आला. 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे चौघे फासावर गेले. त्यांतले कुर्बान हुसेन हे जेमतेम विशीतले. 'गझनफर' नावाचे पत्र ते चालवीत.

त्याच वर्षांत केव्हातरी झडत्यांची आवई होटगीपर्यंत आली. वही तेव्हा आजीच्या घरी होती. भाऊ रातोरात आला, चुलीपुढे बसला आणि एकेक पान वाचून दाखवीत, तिच्याकडून म्हणवून घेत, ते जाळात टाकू लागला. उजाडेपर्यंत वहीची राख झाली होती, आणि वही आजीच्या गळ्यात उतरली होती.

सोलापूरकडचे कवी कुंजविहारी यांची 'भेटेन नऊ महिन्यांनी' ही कविता भावाने तिला निराळी शिकवली होती. फाशी जाणारा मुलगा आईला सांगतो, की पुन्हा तुझ्याच पोटी येईन. रिझालने मायभूमीचा निरोप घेतला. येथे मायभूमी आणि माय वेगळ्या राहतच नाहीत. आजी ती म्हणू लागली की आम्ही मुले दंगा थांबवीत असू.

कॉलेजात गेल्यावर मला ही कविता छापलेली मिळाली. मोठ्या दिमाखाने मी पुस्तक घेऊन आजीपुढे बसलो. तिने म्हणायला सुरुवात केली आणि मी चुका काढू लागलो. हा शब्द असा नाही, ही ओळ नंतर येते. ती थोडा वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "छापणाऱ्याचा खिळा चुकला असेल, बाळ." आणि उठून देवघरात गेली. त्यानंतर तिने माझ्यापुढे काही म्हटले नाही, आणि मलाही मागावेसे वाटले नाही.

कुंजविहारींची कविता पुस्तकात आहे, ती राहील. पण जळालेल्या वहीतली बाकीची गाणी मला पुढे कोठल्याही पुस्तकात आढळली नाहीत. ती कोणी रचली, कोणाला ठाऊक! ती आजीबरोबर गेली. ती वही पहिल्यांदा सरकारच्या धाकाने जळाली. दुसऱ्यांदा माझ्या शहाणपणाने.

वाचकहो, या भाऊबीजेला घरातली एखादी वृद्धा ओवाळता ओवाळता काही गुणगुणू लागली, तर तिच्या चुका काढू नका. कागद-पेन्सिल घ्या आणि मुकाट्याने उतरवून घ्या.