निर्दोष सुटल्यानंतरही अपील? घरच्यांना माहीत असावे असे काही

पोरगा कोर्टातून निर्दोष सुटला की वसमतसारख्या गावात घरी पेढे येतात. अम्मी शुकराण्याची नफल पढते, शेजारी म्हणतात, "चला, सुटलात एकदाचे." मग काही महिन्यांनी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाची नोटीस दारात येते. सरकारने अपील केलेले असते. घर पुन्हा हादरते. पहिला प्रश्न एकच असतो : कोर्टाने सोडले, मग पुन्हा कोर्ट कशाला?

हा प्रश्न २०२५च्या जुलैत सगळ्या महाराष्ट्रापुढे आला. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकल गाड्यांत स्फोट झाले आणि १८० हून अधिक माणसे मेली. खटल्यात १२ जणांना शिक्षा झाली. पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पुरावा टिकत नाही म्हणून बाराही जणांना निर्दोष ठरवले. तोवर १९ वर्षे गेली होती. त्यातला एक जण तर २०२१ मध्ये तुरुंगातच वारला होता. राज्य सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ जुलैला तिथे आदेश झाला की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये. मात्र सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात नेण्याची गरज नाही. म्हणजे माणसे घरी आली, पण टांगती तलवार राहिली.

अमेरिकेत ज्युरीने निर्दोष म्हटले की सरकारला त्यावर अपील करता येत नाही. आपल्याकडे तसे नाही. इंग्रजांच्या १८७२च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने सरकारला हा हक्क दिला, तो आजही आहे. राज्यघटनेचे कलम २०(२) सांगते की एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला आणि शिक्षा नाही. पण अपील हा दुसरा खटला नव्हे, पहिल्याच खटल्याचा पुढचा टप्पा आहे, असे कायदा मानतो.

हा हक्क आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१९ मध्ये आहे. दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्ह्यात मॅजिस्ट्रेटने सोडले, तर जिल्हाधिकारी सरकारी वकिलाला सत्र न्यायालयात अपील करायला सांगू शकतात. इतर बाबतीत राज्य सरकार उच्च न्यायालयात जाते. त्यासाठी साधारण ९० दिवसांची मुदत असते आणि उच्च न्यायालयाची आधी परवानगी लागते. परवानगी मिळाली नाही, तर उच्च न्यायालयात ते अपील पुढे चालत नाही.

परवानगी मिळाली तरी घाबरून जाऊ नये. आरोपी मुळात निर्दोष मानला जातो, आणि सुटकेच्या निकालाने ते गृहीत आणखी पक्के होते. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये चंद्रप्पा खटल्यात हेच सांगितले. पुराव्यावरून दोन मते होऊ शकत असतील, तर केवळ दुसरे मत पटते म्हणून सुटका रद्द करता येत नाही. आणि उच्च न्यायालयाने सुटका उलटवून फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा अधिक शिक्षा दिली, तर सर्वोच्च न्यायालयात अपील करणे हा आरोपीचा हक्कच आहे.

मग हा दरवाजाच बंद करावा का? इथे आपण जरा थांबून विचार करायला हवा. २९ सप्टेंबर २००८ला, रमजानच्या दिवसांत, मालेगावच्या भिक्कू चौकात स्फोट झाला. सहा जण गेले. ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने सातही आरोपींना सोडले. सप्टेंबरमध्ये मृतांच्या घरचे लोक उच्च न्यायालयात अपिलात गेले. पीडितांना हा हक्क ३१ डिसेंबर २००९ पासून मिळाला. आता तो कलम ४१३ मध्ये आहे. त्यासाठी उच्च न्यायालयाच्या वेगळ्या परवानगीची गरज नाही, असे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले.

एका खटल्यात अपील आपल्याला जुलूम वाटते, दुसऱ्यात तोच शेवटचा आधार वाटतो. लोकलमध्ये मेलेल्यांच्या आयांनाही न्याय हवा आहे, मालेगावच्या आयांनाही. म्हणून दरवाजा उघडाच असावा. मागणी करायची ती वेगळी : सरकारने पुरावा पाहून अपील करावे, आरोपीचे नाव पाहून नव्हे, सगळ्या खटल्यांत सारखीच तत्परता दाखवावी, आणि सुटलेल्या माणसाचे अपील वर्षानुवर्षे पडून राहू नये. न संपणारी वाट पाहणे ही घरातल्या सगळ्यांना मिळालेली शिक्षाच असते. मुलीचे स्थळ अडते, पोराची नोकरी अडते.

आता घरच्यांनी काय करावे? निकालाची प्रमाणित प्रत काढून जपून ठेवावी. सुटकेच्या वेळी वरच्या कोर्टात हजर राहण्याचा जातमुचलका लिहून घेतात, तो सहा महिने लागू असतो. त्याची नक्कल ठेवावी. पत्ता बदलला तर वकिलाला कळवावे. नोटीस आली तर ती घ्यावी, परत पाठवू नये. गैरहजर राहिलो तर अटकेचा आदेशही निघू शकतो. वकिलाची फी झेपत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. स्त्रिया आणि कोठडीत असलेल्यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

आणि शेजाऱ्यांसाठी एक गोष्ट. अपील दाखल झाले म्हणून माणूस दोषी ठरत नाही. वरचे कोर्ट निकाल फिरवत नाही तोवर तो निर्दोषच आहे. पेढे खाल्ले होते ना त्याच्या घरचे? मग नोटीस आल्यावर त्या घराचा उंबरठा टाळू नका.