‘उतरणें’ आणि ‘गेट डाऊन’

नागपुरांत बसमध्यें ‘आय ॲम गेटिंग डाऊन ॲट सीताबर्डी’ असें वाक्य सहज कानीं पडतें. बोलणारा सुशिक्षित असतो, ऐकणाऱ्यासही अर्थ कळतो. मग त्यांत विचार करण्याजोगें काय आहे? तें आहे ‘डाऊन’ या चिमुकल्या शब्दांत.

इंग्रजींत ‘गेट’ या क्रियापदाचा अर्थ त्यास जोडलेलें अव्यय ठरवितें. बस, आगगाडी, विमान किंवा सायकल सोडावयाची असेल तर ‘गेट ऑफ’. मोटार अथवा टॅक्सी असेल तर ‘गेट आउट ऑफ’. ज्या वाहनांत उभें राहून चालतां येतें किंवा ज्यावर आपण स्वार होतों त्यास ‘ऑफ’, ज्यांत वाकून शिरावें लागतें त्यास ‘आउट’, असा ढोबळ नियम ध्यानीं ठेवावा. ‘गेट डाऊन’ हें झाडावरून वा शिडीवरून शोभतें. लंडनच्या बसमध्यें कोणीं हे शब्द एकदम ओरडून उच्चारले, तर लोक दाराकडे न जातां खालीं वाकण्याचा संभव अधिक. कारण संकटाच्या वेळीं ‘खालीं व्हा’ असा इशारा याच शब्दांनीं देतात.

हा ‘डाऊन’ आपल्याकडे कसा आला? मराठींत झाड, घोडा, मोटार, आगगाडी या सर्वांना एकच ‘उतरणें’ पुरतें. त्यांतील खालीं येण्याची कल्पना तेवढी आपण इंग्रजींत नेली. परंतु ‘उतरणें’ इतकें संकुचित नाहीं. त्याचें मूळ संस्कृत ‘उत्तरति’, म्हणजे पाण्यांतून वर येणें, पार होणें. पायीं ओलांडतां येणाऱ्या नदीस ‘उतार आहे’ असें आपण म्हणतों, आणि प्रवाशास तर ‘उतारू’च म्हणतों.

मार्च २०१९ मध्यें नागपुरांत मेट्रो धावूं लागली. सीताबर्डीस तिचे दोन मार्ग एकमेकांस भेटतात. तेथें डब्याची जमीन आणि फलाट जवळजवळ एका पातळींत असतात. गाडी सोडतांना कोणी खालीं जात नाहीं. ‘डाऊन’ तेथें अक्षरशः लटका पडतो. ‘उतरणें’ मात्र खरेंच राहतें, कारण उतारू आपल्या तीरास लागलेला असतो.

म्हणून ‘गेट डाऊन’ म्हणणाऱ्यास कोणीं हंसूं नये. त्याच्या इंग्रजींत त्याची मातृभाषा बोलत असते. मात्र परीक्षेस बसणाऱ्या किंवा परदेशीं निघालेल्या आपल्या मुलांना ‘गेट ऑफ’ अवश्य शिकवावें, आणि त्याच वेळीं ‘उतारू’ या शब्दाचा अर्थही सांगावा.