‘सर, हे बघाच!’ : आवड, आग्रह आणि पाठ असलेला विनोद

मागच्या दोन व्याख्यानांत आपण ‘ज्ञान’ आणि ‘मत’ यांतला फरक पाहिला. मग एखादी गोष्ट ‘आवडणं’ हे या दोन्हींपैकी कुठे बसतं? आजचा विषय तो.

माझ्याकडे ह्यूम वाचायला येणारी एक विद्यार्थिनी आहे. बी.ए.ला आहे. तिला ‘फ्रेंड्स’ ही अमेरिकन मालिका जवळजवळ पाठ आहे. ‘हॅमिल्टन’ या संगीतिकेतली गाणी ती जिना चढताना म्हणते. पु.लं.ची ‘म्हैस’ तर तिच्या तोंडून ऐकावी, श्वास कुठे घेतलाय तेसुद्धा तंतोतंत. परवा तिने विचारलं, “सर, याला काही किंमत आहे का, की हा नुसता टाइमपास?” मी म्हटलं, असं का विचारतेस? तर म्हणाली, “घरी सगळे म्हणतात वेळ वाया घालवतेस. म्हणून मी हल्ली कुणाला सांगतच नाही.” एका विशीतल्या मुलीला आपल्या आनंदाची लाज वाटायला लागली, ही मला किरकोळ बाब वाटत नाही. तेव्हा उत्तर नीट द्यायला हवं.

सोपी उत्तरं दोन आहेत. एक, ‘ज्याची त्याची आवड.’ दुसरं, ‘हे सगळं उथळ.’ दुसऱ्याची वासलात भरतमुनींनीच लावली आहे. नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायात देव ब्रह्मदेवाकडे जातात आणि मागतात काय? खेळणं! डोळ्यांनी बघता येईल, कानांनी ऐकता येईल आणि सगळ्यांना खुलं असेल असं खेळणं. त्यातून नाट्यवेद आला, अशी ती कथा. म्हणजे आपल्याकडे नाटकाचा जन्मच मुळी करमणुकीच्या मागणीतून झाला. त्यामुळे ‘ही करमणूक आहे’ एवढं म्हणून कुणाला काही मोडीत काढता येत नाही.

पहिलं उत्तर मात्र जास्त फसवं आहे. कारण ते उदार वाटतं.

बघा, मला कारलं आवडतं. तुम्हाला आवडत नसेल तर मी भांडणार नाही. उलट माझ्या वाट्याला जास्त येईल. (हशा) पण ही मुलगी ‘हॅमिल्टन’बद्दल काय म्हणते? “मला आवडतं” एवढ्यावर ती थांबत नाही. “सर, हे तुम्ही बघाच!” म्हणते. मी बघितलं आणि “ठीक आहे” म्हणालो, तर तिचा चेहरा पडतो. असं का व्हावं? कारल्याच्या बाबतीत तर होत नाही.

हा फरक कांटने १७९० सालच्या ‘क्रिटीक ऑफ जजमेंट’मध्ये फार नेमका पकडला आहे. त्याचं उदाहरण कॅनरी बेटांवरच्या वाइनचं. ती ‘मला’ गोड लागते, असं म्हटलं की विषय संपतो. पण एखादी गोष्ट सुंदर आहे म्हटलं, की त्यात ‘मला’ पुरेसं नसतं. तुम्हालाही ती तशी वाटायला हवी, असा हक्काचा आग्रह त्या वाक्यातच असतो. गंमत अशी, की हा आग्रह सिद्ध करायला पुरावा मात्र देता येत नाही. ‘हॅमिल्टन’ला २०१६ साली ११ टोनी पुरस्कार आणि नाटकाचं पुलित्झर मिळालं. ही यादी वाचून मला ते आवडेल का? नाही. कांट तर म्हणतो, की एखादं नाटक मला रुचलं नाही आणि कुणी मोठमोठ्या समीक्षकांचे दाखले द्यायला लागलं, तर मी कानावर हात ठेवीन.

मग उरतं काय? बोट दाखवणं. ‘इथे बघा, हे ऐका.’ तिने मला तेच केलं. ‘हॅमिल्टन’मध्ये ॲरन बर हा निवेदक पहिल्याच गाण्यात सांगून टाकतो, की याला गोळी घालणारा मीच. १८०४ च्या जुलैमधलं ते द्वंद्वयुद्ध, म्हणजे नाटकाचा शेवट, पहिल्या पाच मिनिटांतच कळतो. “तरीही सर, शेवटी पोटात गोळा येतो. दर वेळी!” हे तिचं बोट दाखवणं. आता ही नुसती आवड राहिली नाही, हा प्रश्न झाला. माहीत असलेल्या गोष्टीने पुन्हा पुन्हा धक्का कसा बसतो?

विनोदाच्या बाबतीत तर हा प्रश्न जास्तच टोकदार होतो. त्याच पुस्तकात कांट एक विनोद सांगतो, आणि तो घडतो आपल्या शेजारी, सुरतेत. इंग्रजाच्या टेबलावर बिअरची बाटली उघडली, फसफसून फेस बाहेर आला. एक भारतीय माणूस ते थक्क होऊन बघत राहिला. इंग्रजाने विचारलं, यात नवल कसलं? तो म्हणाला, बाहेर आला याचं नवल नाही. तुम्ही तो आत कोंबलात कसा, याचं नवल! कांटचं म्हणणं, आपण हसतो ते त्या माणसाच्या अज्ञानाला नव्हे. आपली ताणलेली अपेक्षा एकदम फुस्स होते, म्हणून हसतो.

ठीक. पण मग ‘म्हैस’ शंभराव्या वेळी ऐकताना कुठली अपेक्षा फुस्स होते? एसटीपुढे म्हैस येणार हे तर शेंबडं पोरसुद्धा जाणतं.

मला वाटतं, इथे कांटपेक्षा आपला तबलजी जास्त उपयोगी पडेल. तीनतालाच्या सोळा मात्रा. सम कधी येणार हे श्रोत्याला पक्कं माहीत असतं, तो मांडीवर मोजत असतो. गायक आलाप, ताना घेत, आता चुकतो की काय असं वाटायला लावत बरोब्बर समेवर येतो, आणि आपल्या तोंडून ‘वा!’ जाते. न कळल्यामुळे नव्हे, तर कळत असल्यामुळेच जाते. अपेक्षा म्हणजे अज्ञान नव्हे. अपेक्षा हा शरीरात, श्वासात भरलेला ताण आहे, आणि माहिती असूनही तो भरतो. पु.ल. वाक्याच्या शेवटाआधी थांबतात तो थांबा म्हणजे सम येण्याआधीची जागा. किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ आणलं, तेव्हा दुष्यंताचं पुढे काय होणार हे न कळून का लोक आले होते? मराठी प्रेक्षकाने ‘वन्स मोअर’ नावाची जी सवय लावून घेतली, तिला काही लोक रसभंग म्हणतात. रसभंग होतो हे खरं. पण ‘काय’ कळल्यावर ‘कसं’ ऐकायचं राहिलंय, हे त्या ओरडणाऱ्याला कळलेलं असतं हेही खरं.

स्टँडअपवाले मात्र तक्रार करतात, की जुना किस्सा पुन्हा सांगितला तर लोक नाराज होतात. बरोबरच आहे. तो कलाकार ‘आत्ता सुचलं’ अशा थाटात आपल्याशी गप्पा मारत असतो. आणि गप्पांत तोच किस्सा दुसऱ्यांदा आला, की आपण घड्याळ बघतो.

ह्यूमने १७५७ सालच्या रसिकतेवरच्या निबंधात म्हटलं आहे, की तीच कलाकृती एकाहून अधिक वेळा बघितल्याशिवाय तिच्याबद्दल बोलू नये. पहिल्या वेळी मन गडबडलेलं असतं. म्हणजे ‘एकच मालिका किती वेळा बघशील?’ या घरच्या प्रश्नाला ह्यूमचं उत्तर तयार आहे. पण थांबा, (हशा) तो पुढे तुलनाही मागतो. दहा वेळा ‘फ्रेंड्स’ बघितलंत, छान. त्याच्या शेजारी दुसरं काय ठेवलंत? एकच एक बघणाऱ्याची नजर तीक्ष्ण होते, पण अरुंदही होते.

आणखी एक अडचण आहे, ती अभिनवगुप्ताने सांगितली. रसास्वादातली विघ्नं मोजताना तो एक विघ्न धरतो ते आपल्याच सुखदुःखात गुरफटून राहण्याचं. आजच्या चाहत्याला हे फार लागू पडतं. ‘मी मोनिका की फीबी?’ इथून सुरुवात होते. मग ती मालिका ‘माझी’ होते, आणि तिच्यावरची टीका हा माझा अपमान होतो. ‘फ्रेंड्स’मध्ये लठ्ठ मोनिकाच्या जुन्या आठवणी दाखवून हशा मिळवला आहे. ही मुलगी मला म्हणाली, “सर, ते आता खटकतं. पण कुणी बाहेरचं बोललं की मी मालिकेचीच बाजू घेते.” मी तिला म्हटलं, ते खटकणं जप. ह्यूमही सांगतो, की जे निंद्य आहे ते निंद्य न ठरवता रंगवलं, तर तो कलाकृतीतलाच दोष. प्रेम असूनही दोष दिसतो, तिथे आवडीची रुची व्हायला लागते.

आता लाजेबद्दल. बेर्गसाँने १९०० साली हास्यावर जे छोटं पुस्तक लिहिलं, त्यात एक किस्सा आहे. चर्चमधल्या प्रवचनाला सगळे रडत होते, एक माणूस कोरडा. का रे बाबा? म्हणाला, मी या गावचा नाही! बेर्गसाँ म्हणतो, हसण्याला तर हे जास्तच लागू आहे. हसू नेहमी कुठल्यातरी गटाचं असतं. ‘फ्रेंड्स’चे बहुतेक भाग स्टुडिओत बसलेल्या प्रेक्षकांसमोर चित्रित झाले. म्हणजे ही मुलगी रात्री हॉस्टेलवर, कानात हेडफोन घालून एकटी हसते, तेव्हा तीस वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियात हसलेल्या लोकांबरोबर हसत असते. तिला ‘गाव’ हवंय. ‘सर, हे बघाच’ हे त्या गावाचं आमंत्रण असतं, आणि घरच्यांना ऐकू येतं ते फक्त ‘वेळ वाया’. आमंत्रण नाकारायला हरकत नाही. मीही ‘फ्रेंड्स’चे चार भाग पाहून थांबलो. पण नाकारण्याआधी ते काय होतं हे तरी ओळखावं, आणि चार भाग तरी बघावेत.

वेळ झाली, प्रश्नांसाठी दहा मिनिटं ठेवली आहेत. पुढच्या खेपेला येताना प्रत्येकाने आपल्याला पाठ असलेला एक विनोद घेऊन या, आणि त्यात नेमकं कुठे थांबायचं ते ठरवून या.