ट्रॉलीला ब्रेक हवेत

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग लोकांच्या बोलण्यातच ठरलेले आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा घाटावर. मोताळा, मलकापूर, नांदुरा, शेगाव घाटाखाली. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटरवर आहे आणि मलकापूर २५० मीटरच्या आसपास. मधला बराचसा उतार राजूर घाटातल्या वळणांवर उतरावा लागतो. सोयाबीन निघाले की आणि पुढे कापसाची वेचणी सुरू झाली की या जिल्ह्यातल्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. बाजार समिती, जिनिंग, गोदाम, वीटभट्टी, बांधकाम, सगळीकडे माल पोचवणारे वाहन तेच. ट्रॅक्टर घेताना शेतकरी एचपी किती, डिझेल किती खातो, लोड किती ओढतो, हे बारकाईने विचारतो, आणि ते योग्यच आहे. पण जोडलेले वाहन रस्त्यावर सुरक्षित आहे की नाही, हे इंजिनाच्या ताकदीवर ठरत नाही. ते ठरते मागच्या वाहनाला स्वतःचे ब्रेक आहेत की नाहीत यावर, आणि आपल्याकडच्या कितीतरी ट्रॉल्यांना ते नसतात.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा शेतीपासून फार लांबच्या जगात सापडतो. युरोप-अमेरिकेत लोक मोटारीमागे फिरते घर जोडून सुट्टीला जातात. त्याला तिकडे कॅरॅव्हॅन किंवा ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात आणि ते ओढायला लँड रोव्हर डिफेंडरसारख्या महागड्या, दणकट एसयूव्ही वापरतात. ही कंपनी २००८ मध्ये टाटा मोटर्सने विकत घेतली. ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या डिफेंडर ११० च्या माहितीपत्रकात ओढण्याच्या क्षमतेचे दोन आकडे असतात. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर ३५०० किलो, नसतील तर ७५० किलो. गाडी तीच, इंजिन तेच, हुक तोच. फक्त ट्रेलरच्या चाकांना ब्रेक नाहीत म्हणून क्षमता जवळजवळ पाचपटीने खाली येते. त्या गाडीला तीन टन ओढता येत नाहीत असे नाही, ती सहज ओढेल. पण ओढलेले थांबवता येणार नाही, हे बनवणाऱ्यालाच माहीत आहे. युरोपातला नियमही हेच सांगतो. ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत. सव्वादोन-अडीच टनांच्या, चारही चाकांना उत्तम ब्रेक असलेल्या गाडीला जिथे पाऊण टनावर थांबवले जाते, तिथे आपण दोन टनांच्या ट्रॅक्टरमागे पाच-सहा टनांची बिनब्रेकची ट्रॉली जोडून घाट उतरतो.

शिवाय आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात. एक ढोबळ हिशोब मांडून पाहू. ट्रॅक्टर २ टनांचा, भरलेली ट्रॉली ६ टनांची, एकूण ८ टन. मागच्या दोन चाकांवर ट्रॅक्टरचे आणि ट्रॉलीच्या दांड्यावरून येणारे मिळून १८०० किलो वजन धरले आणि कोरड्या डांबरावर टायरची पकड त्या वजनाच्या ६० टक्के धरली, तर ८ टन थांबवायला हाताशी उरतो तो जेमतेम ११०० किलोचा जोर. ताशी ३० किलोमीटर वेगात ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत सुमारे २६ मीटर जातात, तेही सपाट रस्त्यावर. वीस मीटरला एक मीटर असा उतार लागला की ८ टनांचा गाडा स्वतःच ४०० किलोच्या जोराने खाली खेचतो आणि अंतर ४० मीटरच्या पुढे जाते. त्यात पाऊस पडून टायरची पकड ४० टक्क्यांवर आली तर जवळपास ९० मीटर लागतात. चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतची आठ-दहा मीटर यात धरलेली नाहीत. आता याच ट्रॉलीच्या चाकांना ब्रेक बसवा आणि ते निम्म्या क्षमतेनेच लागतात असे समजा. सपाट कोरड्या रस्त्यावर हे अंतर दहा-अकरा मीटर होते आणि ओल्या उतारावर वीसच्या आसपास. घाटातल्या वळणापलीकडे एसटी उभी असेल, तर या फरकावरच सगळे अवलंबून आहे.

यावर अनुभवी चालकांचे पहिले म्हणणे असते की घाटात ब्रेकवर कोण उतरवतो, आम्ही लहान गिअरमध्ये उतरवतो. पद्धत बरोबर आहे आणि ती सोडूच नये. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे तर जिवाशी खेळतात. पण इंजिनाचा रोध रस्त्यापर्यंत पोचतो तो त्याच मागच्या दोन चाकांतून. टायरची पकड सुटायची असेल तर ब्रेकने सुटते तशी गिअरनेही सुटते. लहान गिअरमुळे वेग मुळातच कमी राहतो आणि ब्रेक तापत नाहीत, हा त्याचा मोठा फायदा. थांबवण्याचा जोर मात्र त्याने वाढत नाही. दुसरे म्हणणे, आमचा वेगच किती. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, आणि रस्ते गुळगुळीत झाल्यापासून ट्रॅक्टर पूर्वीइतके सावकाश जात नाहीत, हे महामार्गाच्या कडेला पाच मिनिटे उभे राहिले तरी दिसते.

थांबण्याच्या अंतरापेक्षाही वाईट गोष्ट वळणावर घडते. ट्रॅक्टर रोखला जातो, ट्रॉली रोखली जात नाही, मग ती पिनीवरून ट्रॅक्टरला मागून रेटते. दोघे सरळ रेषेत असतील तर हा रेटा पुढे जातो. वळणावर दोघांत कोन असतो आणि तोच रेटा ट्रॅक्टरचा मागचा भाग बाजूला ढकलतो. ट्रॅक्टर आडवा फिरतो, ट्रॉली त्यावर चढते. इथे एक छोटी लोखंडी पट्टी फार महत्त्वाची आहे. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक पेडल वेगळे असतात, कारण शेतात तासाच्या टोकाला एकाच चाकाचा ब्रेक दाबून झटकन वळता यावे. रस्त्यावर येताना ही दोन पेडल त्या पट्टीने एकमेकांना जोडायची असतात. नांगरटीनंतर ती उघडी राहिली आणि उतारावर पाय एकाच पेडलवर पडला, तर एकच चाक अडते आणि ट्रॅक्टर जागेवर फिरतो. पट्टी लावायला दोन सेकंद लागतात, पैसा एकही लागत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे, खर्चाचा. सोयाबीनच्या भावाने मोडलेल्या माणसाला आणखी एक खर्च सांगताना विचार करावाच लागतो. पण ट्रॉली ही काही फुकट येणारी वस्तू नाही आणि तिच्या एकूण किमतीत ब्रेकचा वाटा लहान असतो. अनेक ट्रॉल्या ट्रकचे जुने ॲक्सल आणि टायर वापरूनच बनतात, म्हणजे ब्रेक बसवण्याची जागा त्या सांगाड्यात मुळातच असते. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर चालणारे ट्रॉलीचे ब्रेक आपल्या देशात बनतात. युरोपातल्या कॅरॅव्हॅनची रीत तर त्याहून साधी आहे. पुढची गाडी मंदावली की ट्रेलर तिला रेटतो, त्या रेट्याने जोडणीतला सरकता दांडा मागे दबतो आणि तोच ट्रेलरच्या ब्रेकची तार ओढतो. वीज नाही, पंप नाही. जो रेटा अपघात करणार होता त्यालाच ब्रेक लावायच्या कामाला जुंपले आहे. मागे घेताना ही यंत्रणा अडवून धरणारी सोय लागते, एवढेच. जोडणी तुटली तर वेगळी तार ओढली जाऊन ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. आपल्याकडे पिन निघालेली ट्रॉली उतारावर कुठे जाईल, ते कोणाच्याच हातात नसते. निदान पिनीला खालून क्लिप आणि दांड्याला जोडीची साखळी, एवढे तरी आजच करता येईल.

माल कसा भरायचा, हाही याच हिशोबाचा भाग आहे. अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलरच्या वजनातला दहा ते पंधरा टक्के भार जोडणीवर यावा असे सांगतात. त्याहून कमी आला तर वेगात ट्रेलर शेपटासारखा डोलू लागतो. ट्रॅक्टरच्या वेगाला डोलण्याची भीती कमी, पण दोन चाकी ट्रॉलीत माल फार मागे गेला की दांडा वर उचलू पाहतो, ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात आणि ब्रेकची उरलीसुरली पकडही जाते. फार पुढे भरला तर ट्रॅक्टरचे तोंड हलके होऊन स्टिअरिंग ऐकत नाही. घाट चढताना पुढची चाके उचलतात ती यामुळेही, आणि दांडा ठरलेल्या जागेपेक्षा वर जोडला असेल तर ट्रॅक्टर मागे उलटू शकतो. कापसाची गोष्ट वेगळी. वजन कमी आणि उंची फार, त्यामुळे ती ट्रॉली वळणावर कलते. शिवाय फाळक्यांबाहेर आलेला कापूस मागचे दिवे आणि रिफ्लेक्टर झाकून टाकतो. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर रात्री अशी ट्रॉली मागच्या ट्रकला दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

कायदा या बाबतीत ट्रॉलीला ट्रॅक्टरची शेपूट मानत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार ट्रेलरचीही नोंदणी होते, त्याला स्वतःचा क्रमांक असतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये दंड आहे. विम्याचे तर नीट समजून घ्यायला हवे. वीटभट्टीसाठी माती वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीवरून पडून जखमी झालेल्या मजुराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये म्हटले की विमा शेतीकामापुरता होता, तेव्हा जबाबदारी कंपनीची नाही. न्यायालयाने आपले विशेष अधिकार वापरून कंपनीला आधी भरपाई द्यायला लावली खरी, पण ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा ठेवली. सोयाबीन सोंगायला निघालेल्या बाया, लग्नाचे वऱ्हाड, सैलानीच्या यात्रेचे भाविक ट्रॉलीत बसवताना मालकाने हे लक्षात ठेवावे. दुसरे वाहन मिळत नाही ही अडचण खरी आहे आणि ती सोडवण्याची जबाबदारी एकट्या ट्रॅक्टरवाल्यावर टाकता येणार नाही. पण बिनब्रेकच्या ट्रॉलीत माणसे बसवून घाट उतरणे, याला कोणतीही अडचण पुरेसे कारण ठरत नाही.

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. उद्या एखाद्या एसयूव्हीमागे फिरते घर जोडून कोणी लोणारचे सरोवर पाहायला आले, तर त्या घराच्या चाकांना ब्रेक असतील की नाही हे काटेकोरपणे पाहिले जाईल, आणि पाहिले जायलाच हवे. तोच काटेकोरपणा कापूस-सोयाबीन वाहणाऱ्या ट्रॉलीलाही लागू करावा. परिवहन कार्यालयाने नोंदणीच्या वेळी ट्रॉलीचे ब्रेक चालवून पाहावेत. ट्रॅक्टरसाठी कर्ज देणाऱ्या बँकांनी आणि अनुदान देणाऱ्या योजनांनी ब्रेक असलेल्याच ट्रॉलीला पैसे द्यावेत. आणि या हंगामाआधी जो शेतकरी नवी ट्रॉली बनवायला टाकणार आहे, त्याने वर्कशॉपवाल्याला रंग आणि फाळक्यांची उंची सांगण्याआधी चाकांना ब्रेक बसवायला सांगावे.